८० औंस

गुरुवार, १२ डिसेंबर १७९९. सकाळी १०.

जॉर्ज वॉशिंग्टन घोड्यावर बसून शेतांच्या फेरीला निघाले. वय ६७. अमेरिकेचं अध्यक्षपद सोडून पावणेतीन वर्षं झाली होती. व्हर्जिनियात पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नन हे त्यांचं घर आणि सभोवार त्यांचीच शेतं. सकाळी पारा ३३ फॅरनहाइटवर होता, गोठणबिंदूच्या जेमतेम वर. दुपारी एकच्या सुमारास बर्फ पडू लागला, मग गारा, मग बोचरा पाऊस. फेरी अर्धवट सोडली नाही.

दुपारी ३ नंतर.

ते घरी परतले. चिटणीस टोबायस लिअर टपालाची पत्रं घेऊन आले. त्यांना वॉशिंग्टन यांच्या केसांत अडकलेला बर्फ दिसला, मान ओली वाटली. भिजलात का, असं त्यांनी विचारलं. नाही, ओव्हरकोटाने कोरडं ठेवलं, असं उत्तर आलं. जेवण वाढायची वेळ झाली होती. वॉशिंग्टन कपडे न बदलता जेवायला बसले. पत्रं त्या संध्याकाळी पाठवली नाहीत. असल्या हवेत नोकराला बाहेर धाडायला नको, असं त्यांचं म्हणणं पडलं.

या दिवसांचा तपशील आपल्याला मिळतो तो मुख्यतः या लिअर यांच्या टिपणांमुळे.

शुक्रवार, १३ डिसेंबर. दुपारी ४.

तीन इंच बर्फ साचला होता. घसा दुखत होता म्हणून सकाळची फेरी झाली नाही. चारच्या सुमारास आभाळ मोकळं झालं तेव्हा मात्र ते बाहेर पडले. घर आणि नदी यांच्या मधली काही झाडं तोडायची होती, त्यांच्यावर खुणा करायच्या होत्या. तोवर आवाज बसला होता.

रात्री त्यांनी रोजनिशीत हवेची नोंद केली. शेवटी लिहिलं, पारा २८. त्यानंतर रोजनिशीत काही नाही.

रात्री ९ नंतर.

दिवाणखान्यात वर्तमानपत्रं आली होती. बसलेल्या आवाजातच ते मधूनमधून मोठ्याने वाचत होते. झोपायला जाताना लिअर यांनी सुचवलं, पडशावर काहीतरी घ्या. त्यांनी नकार दिला. पडशासाठी मी कधी काही घेत नाही, आलं तसं जाईल, असं ते म्हणाले.

शनिवार, १४ डिसेंबर. रात्री २ ते ३ च्या दरम्यान.

त्यांनी पत्नीला, मार्था यांना, उठवलं. हुडहुडी भरली होती. बोलणं फुटत नव्हतं, श्वास अडकत होता.

मार्था उठून कुणाला तरी बोलवायला निघाल्या. त्यांनी जाऊ दिलं नाही. खोली गार होती, आणि मार्था नुकत्याच पडशातून उठल्या होत्या. उजाडल्यावर दासी शेकोटी पेटवायला येईल, तोवर थांबू, असं ठरलं.

आजचे बरेच डॉक्टर या आजाराला एपिग्लॉटायटिस म्हणतात. श्वासनलिकेच्या तोंडाशी पानाच्या आकाराचं एक झाकण असतं. घास गिळताना ते मिटतं, श्वास घेताना उघडतं. जंतुसंसर्गाने ते सुजलं की वाटच बुजत जाते. फुप्फुसं ठणठणीत, हृदय ठणठणीत, आणि हवा मात्र आत जात नाही.

चार तास गेले. ते वाया गेले असं म्हणावंसं वाटतं. पण उजाडल्यावर जे झालं ते पाहता, मदत चार तास आधी आली असती तर भलं झालं असतं की नाही, हे सांगवत नाही.

पहाट.

कॅरोलाइन शेकोटी पेटवायला आली. ती त्या घरात गुलाम होती. मार्था यांनी तिलाच लिअर यांना उठवायला धाडलं. लिअर आले तेव्हा वॉशिंग्टन यांचा एक शब्दही नीट कळत नव्हता. अलेक्झांड्रियाहून डॉ. जेम्स क्रेक यांना आणायला स्वार गेला. ते येईपर्यंत रॉलिन्सला बोलवा आणि माझं रक्त काढा, असं रुग्णानेच सुचवलं. रॉलिन्स हा शेतावरचा मुकादम. आजारी गुलामांचं रक्त काढायची त्याला सवय होती.

तोवर घरगुती औषध तयार झालं: काकवी, व्हिनेगर आणि लोणी. घसा मऊ पडावा म्हणून. आपल्याकडे हळदीचं दूध देतात त्याच मायेने दिलेलं. एक थेंबही गिळता आला नाही. घोट घ्यायला गेले की अंग आचके देई, जीव घुसमटे.

ती मोठी खूण होती. आवाज बसलेला, थुंकी गिळता येत नाही, श्वासाला त्रास: या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर आजचा कॅज्युअल्टीतला डॉक्टर तोंडावाटे काहीही देत नाही, घशात चमचा घालून पाहत नाही, रुग्णाला आडवं झोपवत नाही. बसलेल्या माणसाला बसूनच ठेवतो आणि आधी श्वासाची वाट राखतो. घरी कुणाचं असं झालं तर गुळण्या आणि काढे बाजूला ठेवून, बसवूनच, थेट रुग्णालयात न्यायचं.

सूर्योदयानंतर, सात-साडेसात.

रॉलिन्स आला. बाही वर केली, दंडाला दोरी बांधली. मुकादमाचा हात कापत होता. समोर हाताखालचा कुणी गुलाम नव्हता, ज्याच्या नावाने देश ओळखला जातो तो माणूस होता. घाबरू नकोस, असं वॉशिंग्टन यांनी त्याला सांगितलं. शीर कापली. रक्त बऱ्यापैकी वाहू लागलं. तरी छेद पुरेसा मोठा नाही, असं ते म्हणाले.

मार्था जवळ उभ्या होत्या. हा उपाय बरोबर की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. फार काढू नका, त्यांना बाधेल, असं त्या विनवत होत्या. त्यांनी लिअर यांना थांबवायला सांगितलं. लिअर दोरी सोडायला वाकले तेव्हा वॉशिंग्टन यांनी हात वर करून त्यांना अडवलं. बोलता येऊ लागल्यावर म्हणाले, अजून.

मार्था यांनी हट्ट सोडला नाही, म्हणून तिथे थांबलं. लिअर अर्धा पाइंट म्हणतात. डॉक्टरांनी पुढे छापलेल्या निवेदनात १२ ते १४ औंस आहेत.

गुण आला नाही. घशाला बाहेरून औषध चोळलं, गळ्याभोवती फ्लॅनेल गुंडाळलं, पाय कोमट पाण्यात ठेवले. मार्था यांच्या सांगण्यावरून नदीपलीकडच्या पोर्ट टोबॅकोहून डॉ. गुस्ताव्हस ब्राउन यांना आणायला दुसरा स्वार निघाला.

त्या खोलीतल्या कुणालाही वेड्यात काढू नये. शरीरात चार द्रव असतात, ते बिघडले की आजार येतो, जास्तीचं काढून टाकलं की दाह उतरतो, ही शिकवण युरोपात जवळजवळ दोन हजार वर्षं चालत आलेली होती. सहा वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा देशातले सर्वांत नामांकित डॉक्टर बेंजामिन रश यांनी रुग्णांचं रक्त सढळ हाताने काढलं होतं. वॉशिंग्टन यांचा स्वतःचा या उपायावर पूर्ण भरवसा होता.

रक्तमोक्षण आपल्याकडेही होतं. जळवा, तुंबड्या, शिरावेध हे सगळं सुश्रुतसंहितेत आहे. पण तिथे वरची हद्दही आखलेली आहे: माणूस बलवान असला, ऐन वयात असला, दोष पुष्कळ वाढलेले असले तरी जास्तीत जास्त एक प्रस्थ. या कामापुरता प्रस्थ साडेतेरा पळांचा धरतात, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास. थोडा दोष अंगात शिल्लक राहिला तरी चालेल, रक्त अति काढू नये, उरलेलं औषधाने शमवावं, असंही तिथे सांगितलं आहे. माउंट व्हर्ननच्या त्या खोलीत अशी हद्द कुणी आखली नव्हती.

सकाळी ९ च्या सुमारास.

डॉ. क्रेक पोचले. एडिंबरोत शिकलेले, साठी ओलांडलेले, वॉशिंग्टन यांचे ४५ वर्षांचे स्नेही. लढायांमध्ये सोबत होते. घशाचा दाह आहे हे त्यांनी ओळखलं. गळ्यावर स्पॅनिश माशीच्या पुडीचा लेप लावला. हा किडा वाळवून त्याची पूड करत, तिने कातडीवर फोड येतात. आतला दाह बाहेर ओढला जातो अशी समजूत. व्हिनेगर आणि गरम पाण्याची वाफ दिली. मग रक्त काढलं. दुसऱ्यांदा.

व्हिनेगर घातलेल्या सेजच्या काढ्याने गुळणी करायला सांगितलं. मान मागे टाकली आणि श्वास कोंडला. जीव गेलाच होता. काढा बाहेर आल्यावर थोडा कफ पडला. डॉक्टरांनी खोकायला सांगितलं. त्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही.

गिळता येत नाही ही खूण दुसऱ्यांदा दिसली होती.

सकाळी ११.

ब्राउन वेळेत पोचतील असं क्रेक यांना वाटेना. त्यांनी अलेक्झांड्रियाहून डॉ. एलिशा डिक यांना बोलावणं धाडलं. त्याच सुमारास रक्त काढलं. तिसऱ्यांदा.

त्याच दिवशी फिलाडेल्फियाच्या न्यायालयात एका अब्रुनुकसानीच्या दाव्याचा निकाल लागला. डॉ. रश रक्त काढून रुग्ण मारतात, असं विल्यम कॉबेट या पत्रकाराने लिहिलं होतं. ज्यूरीने रश यांच्या बाजूने कौल दिला आणि कॉबेटला ५,००० डॉलर भरपाई द्यायला लावली. तारीख १४ डिसेंबर १७९९.

दुपार.

वॉशिंग्टन कूस बदलत होते, उठून बसत होते, पुन्हा आडवे होत होते. कसंही केलं तरी श्वास पुरत नव्हता. लिअर त्यांच्या शेजारी बिछान्यात आडवे झाले आणि त्यांना उचलून कुशीवर वळवत राहिले. तुम्हाला फार दमवतोय, असं वॉशिंग्टन त्यांना सांगत होते. ख्रिस्तोफर हा त्यांचा खासगी चाकर, तोही गुलाम, सकाळपासून पलंगाजवळ उभा होता. ते लक्षात आल्यावर त्यांनी त्याला बसायची खूण केली.

दुपारी ३.

डॉ. डिक आले, पाठोपाठ डॉ. ब्राउन. आता उशाशी तीन डॉक्टर होते. क्रेक आणि ब्राउन दोघेही एडिंबरोचे. डिक फिलाडेल्फियात शिकलेले, वय ३७, तिघांत सर्वांत लहान.

डिक यांचं निदान वेगळं होतं. घशाच्या आतल्या अस्तराचा जबर दाह आहे, तो आवरला नाही तर माणूस जाईल, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली, आता रक्त काढू नका; त्यांना सगळं बळ लागणार आहे, रक्त काढल्याने ते कमी होईल. दुसरी, गळ्यावर छेद देऊन श्वासनलिकेला भोक पाडू, म्हणजे सुजलेल्या भागाच्या खालून हवा आत जाईल.

आज या शस्त्रक्रियेला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात आणि जिल्ह्याच्या रुग्णालयातले शल्यचिकित्सक ती करतात. १७९९ मध्ये ती ठाऊक होती, पण क्वचितच झालेली होती. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. आणि मान होती वॉशिंग्टन यांची. छेद चुकला असता तर तो डॉक्टर इतिहासात कोणत्या नावाने राहिला असता, हा विचार त्या खोलीत कुणाच्या मनात आला नसेल असं मानता येत नाही. शस्त्रक्रियेने ते वाचले असते, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण आजार ज्या जागी होता तिथपर्यंत पोचणारा उपाय त्या दिवसभरात हा एकच सुचवला गेला.

क्रेक आणि ब्राउन तयार झाले नाहीत. दोघे ज्येष्ठ एका बाजूला, डिक एकटे.

रक्त काढलं. चौथ्यांदा, ३२ औंस. लिअर यांची नोंद अशी की या वेळी रक्त फार हळू आलं आणि दाट होतं. भोवळ आली नाही, यात त्यांना समाधान वाटलेलं दिसतं. सकाळपासून घोटभर पाणीही न गेलेल्या आणि आधीच तीनदा रक्त काढलेल्या शरीरातून रक्त हळूच येणार.

रक्तदान शिबिरात आपण एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त देतो. त्यानंतर पुरुषाला तीन महिने पुन्हा देता येत नाही. वय ६५ च्या पुढे असेल तर दारातूनच परत पाठवतात. वॉशिंग्टन ६७ वर्षांचे होते. सकाळपासून काढलेलं रक्त नंतरच्या अभ्यासकांनी मोजलं ते सुमारे ८० औंस. म्हणजे २ लिटर ३०० मिलिलिटरहून जास्त. ३५० च्या पिशव्या धरल्या तर सहा भरून सातवी बरीचशी भरली असती. अंगातल्या रक्ताच्या ४० टक्क्यांच्या आसपास. आठ-नऊ तासांत.

त्यानंतर कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं रेचक, आणि उलटीचं औषध टार्टर एमेटिक दिलं.

दुपारी ४.३०.

त्यांनी मार्था यांना खालच्या खोलीतल्या मेजातून दोन मृत्युपत्रं आणायला सांगितली. एक हातात घेतलं, हे निरुपयोगी आहे म्हणाले आणि जाळायला दिलं. मार्था यांनी ते शेकोटीत टाकलं. दुसरं जपून ठेवायला सांगितलं. त्यात लिहिलं होतं की त्यांच्या मालकीच्या गुलामांना मार्था यांच्या मृत्यूनंतर मुक्त करावं.

संध्याकाळी ५.

ते क्रेक यांना म्हणाले, मरण जड जातंय, पण जायची भीती नाही. पहिल्या झटक्यालाच कळलं होतं की यातून उठत नाही. क्रेक यांनी त्यांचा हात दाबला. बोलता आलं नाही. ते जाऊन शेकोटीपाशी बसले.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी त्यांना उठवून बसवलं. तुम्ही खूप केलंत, आता त्रास घेऊ नका, मला शांतपणे जाऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्यांदा त्या दिवशी थांबा असं म्हटलं गेलं होतं. सकाळी मार्था यांनी, दुपारी डिक यांनी आणि आता रुग्णाने.

रात्री ८.

पायांवर आणि पोटऱ्यांवर फोड आणणारे लेप लावले. गव्हाच्या कोंड्याचं पोटीस बांधलं.

रात्री १०.

बराच प्रयत्न करून त्यांना बोलता आलं. नीट दफन करा, आणि मेल्यावर तीन दिवस व्हायच्या आत कबरीच्या तळघरात ठेवू नका. जिवंतपणी पुरलं जाण्याची धास्ती त्या काळी अनेकांना असे. लिअर यांना शब्द फुटेना, त्यांनी मान हलवली. कळलं ना, असं पुन्हा विचारलं. लिअर हो म्हणाले. बरं, असं ते म्हणाले.

शेवटची दहा मिनिटं श्वास सोपा झाला. त्यांनी लिअर यांच्या हातातून आपला हात काढून स्वतःची नाडी धरली. चेहरा बदलला. लिअर यांनी हाक मारली, क्रेक शेकोटीपासून उठून आले. हात मनगटावरून गळून पडला.

रात्री १०.२०.

लिअर यांनी वेळ दहा आणि अकराच्या मध्ये अशी लिहिली. त्या खोलीतलं एक घड्याळ अलेक्झांड्रियाच्या फ्रीमेसन मंडळींनी जपून ठेवलं आहे. त्याचे काटे १०.२० वर आहेत. ते डॉ. डिक यांनी थांबवलं, असं तिथे सांगतात.

मार्था पलंगाच्या पायथ्याशी बसल्या होत्या. गेले का, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

रविवार, १५ डिसेंबर.

कौटुंबिक स्नेही डॉ. विल्यम थॉर्नटन पोचले. वैद्यक शिकलेले, वॉशिंग्टन शहरातल्या संसद भवनाच्या पहिल्या आराखड्याचे कर्ते. श्वासनलिका उघडून वाचवता येईल या आशेने ते निघाले होते. उशीर झाला होता. देह गार पाण्यात, मग पांघरुणांत हळूहळू ऊब देऊन, श्वासनलिकेतून हवा भरून आणि कोकराचं रक्त देऊन प्राण परत आणू, असं त्यांनी सुचवलं. कुटुंबाने नको म्हटलं.

गुरुवार, १९ डिसेंबर.

क्रेक आणि डिक यांचं निवेदन अलेक्झांड्रियाच्या वर्तमानपत्राच्या त्या तारखेच्या अंकात आलं. आजाराचं नाव: सिनांकी ट्रेकिअॅलिस. रक्त किती वेळा काढलं, कोणती औषधं दिली, सगळं मोकळेपणाने लिहिलेलं होतं. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. रक्त काढून न्यूमोनिया बरा होतो का, हे रुग्ण मोजून तपासणारं पॅरिसच्या पिएर लुई यांचं पुस्तक यायला अजून ३५ वर्षं होती.

२ जानेवारी १८००.

डॉ. ब्राउन यांनी क्रेक यांना पत्र लिहिलं. डिक रक्त काढायच्या विरोधात होते याची त्यात आठवण दिली. त्यांचं ऐकलं असतं तर आपला मित्र आज कदाचित जिवंत असता, असं कबूल केलं. आपल्याला जे ठाऊक होतं त्यानुसार आपण वागलो, बरोबरच करतोय असं वाटलं, असंही लिहिलं.

पत्र क्रेक यांच्या नावे होतं. डिक यांच्या नावे नव्हतं.